नाताळची मिस्सा आणि नाताळची गाणी : दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

मी वसईतल्या एका धर्मग्रामाच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक मंडळींच्या) कॉयरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या चमूत, बरीच वर्षं गातोय आणि आता गाणी निवडायचं, बसवायचं कामही माझ्याकडेच असतं. नोव्हेंबर लागला की तेच तेच प्रश्न यायला लागतात, कोणी मिस्सेनंतर (मिस्सा म्हणजे आमची चर्चमधली मुख्य उपासना) अंगणात विचारतं, कोणी रात्री अकराला मेसेज टाकतं. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवलंय. काही उत्तरं लांबलीत, त्याला इलाज नाही.

नाताळच्या मिस्सा किती असतात? सगळ्या सारख्याच ना?

सारख्या नाहीत, आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. चर्चच्या नेमाप्रमाणे नाताळच्या चार वेगवेगळ्या मिस्सा आहेत, २४ च्या संध्याकाळची, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची, आणि चारहींची वाचनं वेगळी. रात्रीच्या मिस्सेला यशया संदेष्ट्याचं ते अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिल्याचं वाचन असतं आणि मग बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातून येशूच्या जन्माची हकिकत. पहाटेच्या मिस्सेला तीच हकिकत पुढे जाते, मेंढपाळ बेथलेहेमला जातात आणि बाळाला बघतात. दिवसाच्या मिस्सेला मात्र ना गोठा ना मेंढपाळ, तिथे योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात, 'प्रारंभी शब्द होता'. म्हणजे रात्री गोष्ट ऐकायची आणि सकाळी तिचा अर्थ. दोन्ही मिस्सांना येऊन बघा एकदा. सगळ्या धर्मग्रामांत चारही मिस्सा होतात असं नाही, पण रात्रीची आणि सकाळची असतेच.

मध्यरात्रीची मिस्सा बाराला का नसते? आमच्या लहानपणी तर बरोबर बाराला घंटा व्हायची!

गर्दी चर्चमध्ये मावत नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी मैदानात मांडव घालतात, आणि मोकळ्या जागेत लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवायचा हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त १५, राज्य सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं, त्यात नाताळ आहे का हे बघून वेळ ठरते. शिवाय लहान मुलं, म्हातारी माणसं, गावाबाहेरून येणारे, यांचाही विचार असतो. आजी-आजोबांना वाईट वाटतं हे मला कळतं. पण मिस्सा रात्रीची आहे, जन्म अंधारात झाला आणि उजेड तिथूनच आला हे महत्त्वाचं, घड्याळात बारा वाजणं तेवढं महत्त्वाचं नाही असं मला मनापासून वाटतं. पोर्तुगीज या मिस्सेला कोंबड्याची मिस्सा म्हणतात, 'मिस्सा दो गालो', आणि कोंबडा काही घड्याळ बघून आरवत नाही, तेव्हा बरोबर बाराचाच हट्ट नको.

येशूचा जन्म खरंच २५ डिसेंबरला झाला का?

बायबलमध्ये तारीख नाही. रोममध्ये इसवी सन ३५४ च्या एका पंचांगात २५ डिसेंबर नोंदलेला सापडतो, तेव्हा सण निदान तितका तरी जुना आहे. यावर रात्र घालवायचं कारण नाही.

डिसेंबर सुरू झाला तरी तुम्ही चर्चमध्ये नाताळची गाणी का म्हणत नाही? मॉलमध्ये तर नोव्हेंबरपासून वाजतात.

कारण तेव्हा नाताळ आलेला नसतो. नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, वाट बघायचा काळ. फादरांचा झगा जांभळा, तिसऱ्या रविवारी गुलाबी, वेदीपाशी हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या आणि दर रविवारी एक जास्त पेटवायची. वाद्यंही बेतानेच वाजवायची असा चर्चचा नियम आहे, आणि ग्लोरिया, म्हणजे देवाचं स्तुतिगीत, रविवारच्या मिस्सेतूनसुद्धा गायब होतो. आगमनकाळाची स्वतःची गाणी आहेत, जरा उदास वाटणारी, 'ये प्रभू ये' अशा अर्थाची, आणि मला विचाराल तर ती नाताळच्या गाण्यांइतकीच सुंदर आहेत पण चार आठवड्यांत कोणाच्या लक्षातच येत नाहीत. १७ ते २३ डिसेंबर दररोज संध्याकाळच्या प्रार्थनेत येशूला एकेका जुन्या नावाने हाक मारायची फार जुनी रीत आहे, 'हे ज्ञाना', 'हे दाविदाच्या किल्ली', 'हे उदयाच्या तेजा' अशी सात दिवस सात नावं. घरी कोणी करून बघितलं तर मुलांना हा आठवडा वेगळाच वाटतो.

तर गाणं अडवून धरायचा आमचा हट्ट नाही. चार आठवडे जे गिळून ठेवलं ते २४ च्या रात्री एकदम बाहेर पडतं, म्हणून थांबतो. जो आधीच महिनाभर गाऊन बसला त्याला त्या रात्री नवीन काय उरणार?

ग्लोरियाला एवढ्या घंटा का वाजवता? माझं बाळ दचकून उठलं गेल्या वर्षी.

बाळाची माफी मागतो! पण हाच तो क्षण आहे. ग्लोरियाची पहिली ओळ माणसाने रचलेली नाही, लूकच्या दुसऱ्या अध्यायात देवदूत जे गातात तीच आहे, परमेश्वराला ऊर्ध्वलोकी गौरव आणि पृथ्वीवर शांती. वर्षभर बहुतेक रविवारी आपण ती म्हणतो पण मुळात ती या रात्रीची. म्हणून चार आठवड्यांच्या शांततेनंतर वेदीवरच्या छोट्या घंटा, वरची मोठी घंटा, सगळे दिवे, सगळी वाद्यं एकदम. तान्हं बाळ असेल तर मागच्या दाराजवळ बसा आणि ग्लोरियाच्या आधी दोन मिनिटं बाहेर जा, कोणी काही म्हणणार नाही.

एका वर्षी आमच्याकडे बरोबर ग्लोरियाच्या दुसऱ्या ओळीला लाइट गेली. कीबोर्ड बंद, माइक बंद, दिवे बंद. तबलजीने ठेका सोडला नाही आणि मागच्या बाकांवरच्या लाल लुगड्यातल्या आज्यांनी आवाज चढवला, आणि तो ग्लोरिया पूर्ण झाला, अंधारात, फक्त मेणबत्त्यांवर. जनरेटर सुरू झाला तेव्हा आम्ही 'आमेन'वर होतो. तेव्हापासून हार्मोनियम दरवर्षी शेजारी उघडून ठेवतोच.

मराठीत गाणी कधीपासून? पूर्वी सगळं लॅटिनमध्ये होतं ना?

मिस्सेच्या प्रार्थना लॅटिनमध्येच होत्या, आणि आमच्या आधीच्या पिढीतल्या कित्येकांना अजून 'आदेस्ते फिदेलेस' हे नाताळचं गाणं लॅटिनमध्ये तोंडपाठ आहे. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ ला उपासनेबद्दलचा ठराव मंजूर केला, त्यात लोकभाषेला वाट मिळाली, आणि मग काही वर्षांत वसईत मिस्सा मराठीत आली. त्या काळात ज्यांनी मराठी गीतं लिहिली, चाली बांधल्या, त्यांचं आपल्यावर फार मोठं ऋण आहे, त्यांना काही तयार मिळालं नव्हतं.

पण मराठीत ख्रिस्तजन्म गाणं त्याहून खूप जुनं आहे हे लोकांना सांगावं लागतं. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू, मूळचे इंग्लंडचे, १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि ख्रिस्ताची सगळी कथा ओव्यांमध्ये लिहिली, ती १६१६ साली छापली गेली. ओवी म्हणजे म्हणण्याचीच गोष्ट! ज्ञानेश्वरांचा छंद त्यांनी बेथलेहेमच्या बाळासाठी घेतला. आणि प्रोटेस्टंट मंडळींकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे अहमदनगरला राहून अभंग, भजनं, कीर्तनं अशा आपल्याच मातीच्या रूपात ख्रिस्तगीतं रचली, ती अजून महाराष्ट्रभरच्या चर्चमध्ये म्हणतात. कॅथलिकांनी त्यांची गाणी का म्हणू नयेत असं कोणी विचारतं, अहो म्हणा ना, शब्द मिस्सेत कुठे बसतात तेवढं बघायचं.

आता सामवेदी म्हणजे कादोडीतलं किंवा वाडवळीतलं, आमच्या वसईच्या बोलींतलं, गाणं मिस्सेत का नाही? मिस्सेत प्रमाण मराठी ठेवतो कारण चर्चमध्ये सगळेच येतात. पण मिस्सेआधीच्या अर्ध्या तासात एक तरी बोलीतलं गाणं घ्यायचंच, हा आमचा नेम. त्या गाण्याला म्हाताऱ्या माणसांचे चेहरे बघावेत.

आम्ही गायला लागलो की दोन ओळींत दमतो. कॉयर इतक्या वरच्या पट्टीत का गातो?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि चूक आमची असते, तुमची नाही. तालमीत आम्ही तरुण गळ्यांना धरून पट्टी ठरवतो आणि मग बाकावरच्या साठीच्या काकांना ती झेपत नाही, ते गप्प होतात, आणि एकदा माणूस गप्प झाला की तो पुढचं गाणंही ऐकतच बसतो. मला हे फार लागतं. कॉयर लोकांना ऐकवायला नाही, लोकांना गायला लावायला आहे. चार सुरांत बसवलेलं अवघड गाणं एखादं असावं, ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) घेऊन झाल्यावर लोक शांत बसलेले असतात तेव्हा. बाकी सगळं मंडळींचं.

उदाहरण देतो. 'सायलेंट नाइट' सगळ्यांना येतं असं वाटतं पण ते सोपं नाही, सगळ्यात खालचा सूर मध्य षड्ज आणि शेवटच्या ओळीत एकदम तार सप्तकातल्या मध्यमापर्यंत चढतं, म्हणजे सप्तक ओलांडून वर आणखी चार सूर. सा पांढरी एकला धरला तर त्या चढावर अर्धे पुरुष तोंड मिटतात. खालच्या काळी पाचला आणा, सगळं चर्च गातं. आम्ही आता तिथेच गातो आणि लय दादऱ्याची, संथ, पाळणा हलवल्यासारखी. हे गाणं मुळात १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडोर्फ गावच्या साध्या चर्चमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं, दोन माणसं आणि एक गिटार. शब्द तिथले सहायक फादर योझेफ मोर यांचे आणि चाल फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरांची. मोठा कॉयर नव्हता, मोठं ऑर्गन नव्हतं.

आणखी एक, नवीन चाल असेल तर मिस्सेच्या आधी दहा मिनिटं मंडळींना शिकवायची. लवकर या म्हणतो ते यासाठी.

तबला, ढोलकी चर्चमध्ये चालतं का? काही लोक नाकं मुरडतात.

चालतं. व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या त्याच ठरावात लिहिलंय की त्या त्या लोकांच्या संगीत परंपरेला उपासनेत मान द्यावा. व्हायोलिन पोर्तुगीजांबरोबर आलं, हार्मोनियमही युरोपातून आलं, मग तबल्याने काय पाप केलंय? फक्त ठेका नाचाचा नको. केरवा वाजवताना हात आवरायचा, शब्द ऐकू आले पाहिजेत. वाजवणारा प्रार्थनेत आहे की स्टेजवर, हे पहिल्या चार मात्रांत कळतं.

'जिंगल बेल्स' मिस्सेत म्हणू द्या ना, मुलांना आवडतं.

अंगणात म्हणा, केक कापताना म्हणा, मी पण म्हणेन. मिस्सेत नाही. १८५७ साली छापलेलं ते गाणं बर्फातल्या घोडागाडीचं आहे, त्यात ख्रिस्त सोडा, नाताळचं नावसुद्धा नाही. सांताक्लॉजबद्दलही तेच, संत निकोलस हे मायराचे बिशप, त्यांचा सण ६ डिसेंबरला, त्यांना मान आहेच. पण मिस्सा चालू असताना लाल टोपीवाला सांता मधल्या वाटेने चॉकलेट वाटत आला तर मुलांचं लक्ष बाळ येशूच्या गव्हाणीकडे राहील का? मिस्सा संपू दे, मग येऊ दे.

कॉयर छोटा आहे, रेकॉर्डेड ट्रॅक लावून गायलो तर?

नका लावू. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. फादरांना गव्हाणीपर्यंत जायला दोन मिनिटं जास्त लागली तर तबलजी एक कडवं परत घेतो, ट्रॅक पुढे निघून जातो. चार गळे आणि एक पेटी पुरते. वाद्यच नसेल तर टाळ्यांवर, तेही नको तर नुसता आवाज.

मी ख्रिस्ती नाही. मित्राबरोबर रात्रीच्या मिस्सेला येऊ शकतो का? काय नियम आहेत?

या, जरूर या. वसईत दरवर्षी हिंदू, मुसलमान शेजारी येतात, कोणी विचारत नाही. कपडे साधे नीट असावेत, डोकं झाकायची गरज नाही, चपला काढायच्या नाहीत. सगळे उभे राहतील तेव्हा उभं राहायचं, बसतील तेव्हा बसायचं, गुडघे टेकवले नाहीत तरी चालतं. श्रद्धेचा कबुलीजबाब, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारी प्रार्थना, म्हणताना 'मानव झाला' या शब्दांना सगळे एकदम गुडघ्यावर जातील, घाबरू नका, एरवी तिथे फक्त मान लववतात पण नाताळच्या दिवशी गुडघे टेकतात.

ख्रिस्तप्रसाद फक्त बाप्तिस्मा घेतलेल्या आणि तयारी केलेल्या कॅथलिकांसाठी असतो, त्यामुळे त्या वेळी जागेवर बसून राहा, किंवा रांगेत येऊन हात छातीवर आडवे धरलेत तर बहुतेक फादर आशीर्वाद देतात. यात तुम्हाला कमी लेखायचं काही नाही. दानाची पिशवी फिरते, टाकलंच पाहिजे असं नाही. आणि गाणी मात्र म्हणा! कागद मिळतो, शब्द मराठीच आहेत.

घरोघरी कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, म्हणत येता, पण यंदा आमच्या घरी दुःख आहे. काय करायचं?

आम्हाला नुसतं कळवा, किंवा शेजाऱ्यांकडून निरोप द्या. काही घरांना वाटतं येऊच नये, मग आम्ही आळीतून जाताना त्या घरासमोर ढोलकी थांबवतो. काही घरं बोलावतात. माझे वडील गेले त्या वर्षी आईने सांगितलं की येऊ दे त्यांना, एकच गाणं म्हणू दे, हळू. मुलं आली, पेटी न वाजवता पाळणागीतासारखं एक गीत म्हटलं, आई उंबऱ्यात उभी राहून ओठ हलवत होती. फराळ केला नव्हता, तो शेजारच्या तीन घरांतून आला. त्या वर्षीचं ते एकच गाणं मला नाताळ वाटलं. म्हणून कॅरलच्या पोरांना मी आता पहिल्याच दिवशी सांगतो, प्रत्येक घर सारखं नसतं, दारात पोचलात की आधी घरच्यांचा चेहरा बघा, मग गाणं ठरवा.

गोठा कधी मांडायचा? आणि बाळ आधीच ठेवू का?

गोठा आगमनकाळात मांडा पण गव्हाणी २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा. संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली ग्रेच्चो गावात खरा बैल, खरं गाढव आणि गवत आणून पहिल्यांदा असा देखावा केला, तिथून ही रीत पसरली. शेत दाखवायला नाचणी किंवा गहू डब्यात पेरून ठेवतात, नाताळच्या आठ-दहा दिवस आधी पेरलं की हिरवंगार होतं. थर्माकोल नका वापरू प्लीज. चर्चमध्ये रात्रीच्या मिस्सेला फादर बाळ आणून गव्हाणीत ठेवतात, तेव्हा आम्ही मुद्दाम सगळ्यात साधं गाणं घेतो, कारण लोक रडतात आणि रडताना अवघड चाल कोणाला म्हणता येत नाही.

चर्चची मोठी घंटा कोणीही वाजवू शकतं का?

नाही, दोर जड असतो आणि लय चुकली की घंटा उलटी झोडते. शिकायचं असेल तर मिस्त्रींना विचारा, म्हणजे आमच्या घंटेची जबाबदारी असलेल्या काकांना. वसईच्या घंटांची गोष्टच वेगळी आहे, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर इथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन गेले आणि त्या दूरदूरच्या देवळांत टांगल्या गेल्या, नाशिकच्या नारोशंकर मंदिराची प्रसिद्ध घंटा त्यातलीच, तिच्यावर १७२१ साल कोरलंय. मी नाशिकला गेलो की ती बघायला जातोच.

दुबईत आहोत, लाइव्ह लिंक मिळेल का?

मिळते, धर्मग्रामाच्या ग्रुपवर आदल्या दिवशी टाकतो. तुमचं घड्याळ दीड तास मागे, इथे रात्री साडेदहा म्हणजे तिथे नऊ. पण तिथे जवळ चर्च असेल तर आधी तिथे जा, लिंक आजारी माणसांसाठी आणि ज्यांना खरंच जाता येत नाही त्यांच्यासाठी. आणि बघताना गा. तुमच्या आईला इथे बाकावर बसून माहीत असतं की तुम्ही त्याच वेळी तेच गाताय.

नाताळ संपतो कधी? २६ ला झाड काढलं तरी चालेल?

२६ ला तर सुरुवात आहे! २६ ला संत स्तेफन, २७ ला संत योहान, २८ ला हेरोद राजाने मारलेली निष्पाप बालकं, १ जानेवारीला देवमाता मरिया, मग तीन राजांचा रविवार, आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला नाताळकाळ संपतो. तोवर गोठा राहू दे, आणि तोवर नाताळची गाणीही चालतात. २८ च्या मिस्सेला गर्दी नसते, त्या दिवशी लहान मुलांना गाऊ देतो.

मला कॉयरमध्ये यायचंय. आवाज चांगला नाही, नोटेशन येत नाही.

नोटेशन आमच्यातल्या निम्म्यांना येत नाही, ऐकून शिकतो. आवाजापेक्षा तालमीला वेळेवर येणं जास्त लागतं. नाताळची तालीम ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होते, आठवड्यातून दोनदा रात्री साडेआठला, शेवटच्या आठवड्यात रोज. डिसेंबरच्या १५ ला येऊन 'मला पण घ्या' म्हणालात तर कॉयरमध्ये नाही घेणार, पण पहिल्या दोन बाकांवर बसवेन, तिथे मोठ्याने गाणारी माणसं मला हवीच असतात. येताना पाण्याची बाटली आणि स्वेटर आणा, डिसेंबरात आमच्याकडे रात्री गार वारा सुटतो आणि गळा पहिल्यांदा तिथेच बसतो.